शिंपल्यातील ताण-प्रथिने आणि गोदावरीचे पाणी

नाशिक जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. तथापि त्र्यंबकेश्वरच्या परिसरातील डोंगररांगांवर पडणारा पाऊस दोन समुद्रांना जाऊन मिळतो. ब्रह्मगिरीवर उगम पावणारी गोदावरी पूर्वेकडे १,४६५ किलोमीटरचा प्रवास करून बंगालच्या उपसागराला मिळते. त्याच परिसरातून निघणारी वैतरणा मात्र पश्चिमेकडे वळते, वाटेत मुंबईला पिण्याचे पाणी पुरविते आणि पालघर जिल्ह्यात अरबी समुद्रास मिळते. दिंडोरी तालुक्यात उगम पावणारी दमणगंगाही पश्चिमवाहिनीच आहे. समुद्रात आढळणाऱ्या प्रदूषणाचा फार मोठा भाग जमिनीवरूनच, नद्या-नाल्यांच्या वाटेने तेथवर पोहोचतो. त्यामुळे सागरी प्रदूषण ओळखण्याच्या एका पद्धतीचा विचार नाशिकमध्ये करणे वाटते तितके अप्रस्तुत नाही. शिवाय ज्या प्राण्याच्या आधारे ही पद्धत उभी राहिली, त्याचा गोड्या पाण्यातील आप्त गोदावरीच्या वाळूत सापडतो. तो प्राणी म्हणजे शिंपला.

पाण्याच्या प्रदूषणाविषयी कायदा करण्यात महाराष्ट्र राज्य अग्रेसर होते. राज्याचा कायदा १९६९ मध्ये झाला, १९७० मध्ये महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची स्थापना झाली आणि केंद्राचा जल अधिनियम त्यानंतर, १९७४ मध्ये आला. तेव्हापासून नदीच्या पाण्याचे नमुने ठरावीक ठिकाणी घेऊन त्यांचे पृथक्करण करण्याची व्यवस्था रुळलेली आहे. स्नानयोग्य पाण्यात विरघळलेला प्राणवायू लिटरमागे ५ मिलिग्रॅमपेक्षा कमी नसावा आणि जैवरासायनिक प्राणवायू मागणी ३ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावी, ही मानके अधिकाऱ्यांच्या परिचयाची आहेत. या व्यवस्थेचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु तिची एक मर्यादा आहे. महिन्यातून एकदा, दिवसाउजेडी भरलेली बाटली त्या क्षणीच्या पाण्याविषयी सांगते. आदल्या रात्री दोन वाजता एखाद्या नाल्यातून काय वाहून गेले, हे तिला ठाऊक नसते. पृथक्करणात तेच द्रव्य सापडते, जे शोधावयाचे असे आधी ठरविलेले असते. आणि प्रत्येक द्रव्य आपापल्या मर्यादेच्या आत असताना त्या सर्वांचा एकत्रित परिणाम जिवंत शरीरावर काय होतो, हा प्रश्न बाटलीला विचारताच येत नाही.

शिंपल्याची निवड का झाली

कोकणच्या किनाऱ्यावर, विशेषतः रत्नागिरी-सिंधुदुर्ग भागात, खडकांना चिकटलेले हिरवट कवचाचे शिनाणे लोक आवडीने खातात. शास्त्रीय परिभाषेत त्यांना पेर्ना व्हिरिडिस म्हणतात. गोदावरीत आढळणारा लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस हा शिंपला दिसावयास निराळा. तो खडकाला चिकटत नाही. आपल्या मांसल पायाने वाळूमिश्रित गाळात अर्धाअधिक रुतून राहतो. मध्यभागी घासून भोक पाडलेल्या ज्या शिंपल्याने आपल्या घरोघरी कैऱ्या सोलल्या जात, तो बहुधा याच कुळातला. खाण्याची रीत मात्र दोघांचीही सारखीच आहे. पाणी आत ओढावयाचे, कल्ल्यांच्या चाळणीतून गाळावयाचे, सूक्ष्म वनस्पती व सेंद्रिय कण ठेवून घ्यावयाचे आणि उरलेले पाणी बाहेर सोडावयाचे. पूर्ण वाढलेला समुद्री शिंपला अशा रीतीने तासाला दीड-दोन लिटर पाणी सहज गाळतो. पाण्यात तांबे, जस्त, कॅडमियम, कीटकनाशके वा खनिज तेलाचे अंश असले तर तेही त्याच्या शरीरात येतात, आणि त्यांतील पुष्कळसे तेथेच साठतात. मासा घाण पाण्यातून निघून जाऊ शकतो. शिंपला जवळजवळ जागचा हलत नाही. म्हणून त्याच्या शरीरात जे सापडते ते त्याच जागेचे असते.

या गुणांचा उपयोग करून घ्यावा, अशी सूचना अमेरिकेतील सागर-रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड गोल्डबर्ग यांनी १९७५ मध्ये केली. ‘मसल वॉच’ या नावाने ती प्रसिद्ध झाली. अमेरिकेत १९८६ पासून किनाऱ्यावरील ठरावीक ठिकाणचे शिंपले-कालवे तपासण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. १९९० नंतरच्या दशकात आशियातील उष्ण समुद्रांसाठी असाच प्रयत्न झाला, तेव्हा निवड झाली ती आपल्या हिरव्या शिनाण्याची. भारताच्या किनाऱ्यावरील नमुनेही त्यात होते.

या पहिल्या टप्प्यात प्रश्न होता तो शिंपल्याच्या शरीरात किती विष साठले आहे, एवढाच. साठलेले विष त्याला बाधते आहे की नाही, हा त्यापुढचा प्रश्न. तेथे ताण-प्रथिनांचा संबंध येतो.

पेशी आपला बचाव कसा करते

अंड्याचा पांढरा बलक उष्णतेने घट्ट व अपारदर्शक होतो, हे प्रत्येकाने पाहिलेले आहे. बलकातील प्रथिनांची विशिष्ट घडी उष्णतेमुळे मोडते आणि ती एकमेकांत गुंततात. प्रथिनाचे कार्य त्याच्या घडीवर अवलंबून असते; घडी मोडली की कार्य थांबते. जिवंत पेशीत हजारो प्रकारची प्रथिने असतात. उष्णता, जड धातू, प्राणवायूची कमतरता, काही विषारी रसायने यांमुळे त्यांच्या घड्या मोडू लागतात. अशा वेळी पेशी काही विशेष प्रथिने झपाट्याने तयार करते. ही प्रथिने मोडू पाहणाऱ्या प्रथिनांना धरून ठेवतात, त्यांची घडी पुन्हा बसविण्यास साहाय्य करतात, आणि जी दुरुस्त होण्यापलीकडे गेली आहेत त्यांना विल्हेवाटीच्या मार्गाला लावतात. यांनाच ताण-प्रथिने म्हणतात. त्यांचे प्रकार रेणुभारावरून ओळखले जातात. सुमारे सत्तर हजार डाल्टन भाराचे प्रथिन यांत सर्वाधिक अभ्यासले गेले आहे. साठ व नव्वद हजारांची कुळेही महत्त्वाची आहेत.

त्यांच्या शोधाची हकिकत मनोरंजक आहे. १९६० च्या सुमारास इटलीतील फेरुच्चो रितोसा हे फळमाशीच्या अळीतील गुणसूत्रांचा अभ्यास करीत होते. प्रयोगशाळेतील कोणा सहकाऱ्याने उबवणी-पेटीचे तापमान वाढवून ठेवले. रितोसांना गुणसूत्रांवर नेहमीपेक्षा वेगळ्याच जागी फुगवटे आलेले दिसले. फुगवटा म्हणजे तेथील जनुक कामाला लागल्याची खूण. त्यांनी हे निरीक्षण १९६२ मध्ये प्रसिद्ध केले, परंतु त्यावेळी त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. त्या जनुकांपासून कोणती प्रथिने तयार होतात हे १९७४ मध्ये दाखविण्यात आले, आणि मग जिवाणूपासून मनुष्यापर्यंत जेथे पाहावे तेथे हीच व्यवस्था आढळू लागली. म्हणूनच फळमाशीतील शोध शिंपल्याला लागू पडतो.

शिंपल्यात ती मोजण्यासाठी बहुधा कल्ल्यांचा तुकडा घेतात, कारण बाहेरच्या पाण्याशी पहिला संबंध त्यांचाच येतो. ऊती थंड अवस्थेत घोटून त्यातील प्रथिने विजेच्या प्रवाहाने एका जेलमध्ये भारानुसार वेगळी केली जातात आणि ताण-प्रथिनाला नेमके चिकटणाऱ्या प्रतिपिंडाच्या साहाय्याने त्याचा पट्टा ओळखला जातो. पट्टा जितका गडद, तितके प्रथिन अधिक. जैवतंत्रज्ञान शिकविणाऱ्या महाविद्यालयांतून यासाठी लागणारी उपकरणे आता पुष्कळ ठिकाणी आहेत. लागते ती चिकाटी.

तांब्याचे उदाहरण नाशिकच्या दृष्टीने बोलके आहे. १९९१ मध्ये ब्रेंडा सँडर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी मायटिलस एड्युलिस या समुद्री शिंपल्याला तांब्याच्या निरनिराळ्या मात्रांत ठेवून साठ हजार डाल्टनच्या ताण-प्रथिनाची मोजणी केली. त्याचबरोबर शिंपल्याजवळ वाढीसाठी किती ऊर्जा शिल्लक राहते, तेही मोजले. ताण-प्रथिने बनविणे आणि मोडतोड निस्तरणे यांत खर्च झालेली ऊर्जा वाढीला व प्रजननाला मिळत नाही. त्यामुळे प्रथिनाच्या पट्ट्याला प्राण्याच्या आयुष्याच्या दृष्टीने काय अर्थ आहे, हे अशा जोड-मोजणीतूनच कळते. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांतून बोर्डो मिश्रण वर्षानुवर्षे फवारले जात आहे आणि त्यातील मोरचूद म्हणजे तांब्याचेच संयुग. पावसाबरोबर बागांतील मातीचा काही अंश ओढ्यांत उतरणार, हे उघड आहे. त्याचा नदीतील जीवांवर परिणाम होतो किंवा होत नाही, यांपैकी कोणतेही विधान मोजणीवाचून करणे योग्य नव्हे.

कमी आकडा म्हणजे स्वच्छ पाणी नव्हे

या पद्धतीविषयी लिहिताना तिचे गुण सांगणे सोपे असते. अधिकाऱ्यांच्या टेबलावर जेव्हा तिचा अहवाल येईल तेव्हा उपयोगी पडणार आहे ती पुढील सावधगिरी, म्हणून तिचा थोडा विस्तार करणे आवश्यक वाटते.

ताण वाढू लागला की ताण-प्रथिने वाढतात. पण ही वाढ अमर्याद नसते. विषाची मात्रा एका मर्यादेपलीकडे गेली की पेशीची प्रथिने बनविण्याची यंत्रणाच कोलमडते आणि ताण-प्रथिनांचे प्रमाण पुन्हा खाली येते. आलेख डोंगरासारखा चढतो आणि उतरतो. परिणामी अतिशय स्वच्छ जागेचा शिंपला आणि मरणपंथाला लागलेला शिंपला यांचा आकडा जवळजवळ सारखा येऊ शकतो. ‘ताण-प्रथिने अल्प आढळली, सबब पाणी समाधानकारक आहे’ असा शेरा एखाद्या नस्तीवर पडला तर तो घातक ठरेल. म्हणून प्रथिनांबरोबर शिंपले जिवंत किती राहिले, स्पर्श करताच कवच घट्ट मिटतात की नाही, पाण्याबाहेर काढल्यावर किती काळ तग धरतात, या साध्या नोंदीही ठेवल्या पाहिजेत. अहवालात त्या नसतील तर मागवून घ्याव्यात.

दुसरी अडचण उष्णतेची. या प्रथिनांचा शोधच मुळी उष्णतेमुळे लागला. मे महिन्यात नाशिक परिसरातील उथळ डोहाचे पाणी तापते, तेव्हा कोणत्याही प्रदूषणावाचून शिंपल्यात ताण-प्रथिने वाढतील. जलपर्णीखालच्या पाण्यात रात्री प्राणवायू घटतो, त्याचाही ताण पडतो. प्रजननाचा काळ, शिंपल्याचे वय, उपासमार, यांचा परिणाम वेगळाच. कोकणच्या खडकावरील शिनाणे तर रोज ओहोटीला उन्हात उघडे पडतात. तेव्हा जानेवारीतील एका ठिकाणच्या शिंपल्याची मेमधील दुसऱ्या ठिकाणच्या शिंपल्याशी तुलना करणे व्यर्थ होय. एकाच आठवड्यात, सारख्या खोलीवरून, सारख्या आकाराचे प्राणी घ्यावेत आणि त्या वेळचे पाण्याचे तापमान व प्राणवायू लिहून ठेवावेत. नमुना नेण्याच्या रीतीनेही घोटाळा होतो. बादलीत घालून मोटारसायकलवरून भर उन्हात नेलेला शिंपला प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत वाटेतल्या ताणाचीच प्रथिने तयार करून बसलेला असतो. ऊती नदीकाठीच काढून द्रवरूप नत्रात गोठविणे हा त्यावर उपाय आहे. कृत्रिम रेतनाच्या कामासाठी पशुवैद्यकीय संस्थांकडे अशा नत्राची पात्रे असतात. सहकार्याने ती मिळू शकतील.

तिसरी गोष्ट अशी की, ताण-प्रथिन दोषी द्रव्याचे नाव सांगत नाही. तापमापक ताप दाखवितो. तो हिवतापाचा की विषमज्वराचा, हे त्यावरून कळत नाही. धातूंचा संशय असल्यास मेटॅलोथायोनीन हे वेगळे प्रथिन मोजतात. १९५७ मध्ये घोड्याच्या मूत्रपिंडात प्रथम आढळलेले हे प्रथिन जस्त, तांबे, कॅडमियम यांना बांधून ठेवते. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशकांचा संशय असेल तर मज्जातंतूंच्या कार्याशी निगडित असलेल्या कोलिनएस्टरेज या विकराची क्रिया किती मंदावली, ते पाहतात. कायद्यातील मानके रासायनिक आहेत. त्यामुळे केवळ शिंपल्याच्या अहवालावर कोणाविरुद्ध कारवाई टिकणार नाही आणि तशी अपेक्षाही नसावी. रासायनिक तपासणीची बाटली कोणत्या नाल्याच्या तोंडाशी आणि कोणत्या दिवसांत भरावी, हे ठरविण्यासाठी हा अहवाल वापरावयाचा आहे.

शिंपल्याकडून तीन प्रकारची माहिती मिळते आणि तिघींचा काळ निराळा असतो. कवच मिटणे ही काही मिनिटांतली सूचना. पोलंडमधील वॉर्सा शहराच्या पाणीपुरवठ्यात आठ शिंपल्यांच्या कवचांना संवेदक जोडून ठेवलेले आहेत. त्यांनी एकदम कवचे मिटली की यंत्रणेला इशारा मिळतो. ताण-प्रथिने काही तासांत वाढतात आणि काही दिवस टिकतात. शरीरातील धातूंचा साठा आठवड्यांची, महिन्यांची हकिकत सांगतो. रात्री सोडलेल्या सांडपाण्याचा माग काढावयाचा असेल तर मधली माहिती सर्वांत उपयोगाची.

गोदावरीवर काय करता येईल

पैठण परिसरातील गोदावरीच्या शिंपल्यांवर जड धातू व कीटकनाशके यांचा काय परिणाम होतो, याचे अध्ययन मराठवाड्यातील प्राणिशास्त्राच्या अभ्यासकांनी पूर्वीपासून केलेले आहे. नाशिकचे पाणी पुढे नाथसागरात जाते आणि तेच छत्रपती संभाजीनगरला पिण्यासाठी पुरविले जाते, हे ध्यानात घेता नदीच्या वरच्या टप्प्यावरही असे काम होणे अगत्याचे आहे.

शहराच्या हद्दीत नदीच्या तळाशी शिंपले मिळतीलच असे नाही. रामकुंड परिसरात पात्राला काँक्रीट घातले गेले. काँक्रीटमध्ये शिंपल्याला रुतता येत नाही. वाळू उपसली गेली तेथेही त्याचा आसरा गेला. अशा वेळी पिंजऱ्यांची पद्धत उपयोगी पडते. तुलनेने स्वच्छ जागेचे, सारख्या आकाराचे थोडे शिंपले जाळीच्या पिंजऱ्यात घालून निरनिराळ्या ठिकाणी दोन ते चार आठवडे ठेवावयाचे. एक पिंजरा मूळ जागीच ठेवावयाचा. त्यावाचून बाकीच्यांना अर्थ नाही. गोदावरीसाठी गंगापूर धरणाच्या वरची बाजू हे मूळ ठिकाण घेता येईल. पुढे सोमेश्वर, तपोवनातील मलजल शुद्धीकरण केंद्राच्या खालचा भाग, सातपूर-अंबडच्या परिसरातून येणारी नासर्डी जेथे मिळते त्या टाकळीच्या संगमाची वरची व खालची बाजू, आणि शेवटी नांदूरमधमेश्वर. संगमाच्या दोन्ही बाजूंचे पिंजरे विशेष महत्त्वाचे, कारण दोहोंतील फरक हा त्या एका प्रवाहाचा असतो. नांदूरमधमेश्वर हे अभयारण्य असून २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले. तेथे काहीही ठेवण्या-उचलण्यापूर्वी वन विभागाची लेखी परवानगी घ्यावी लागेल.

२०२६-२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्याच्या संदर्भात हे काम केवळ शास्त्रीय कुतूहलाचे राहत नाही. पर्वकाळी लाखो लोक एकाच वेळी स्नान करतात आणि शुद्धीकरण केंद्रांवरील भार वाढतो. रोगजंतूंची तपासणी त्यावेळी होतेच आणि तिला पर्याय नाही. निर्जंतुकीकरणासाठी वापरलेल्या क्लोरीनचा नदीतील जीवांवर किती ताण पडला आणि नदी पूर्ववत् होण्यास किती दिवस लागले, हे मात्र स्नानापूर्वी, स्नानकाळात आणि त्यानंतर मोजलेल्या शिंपल्यांवरून कळू शकेल. त्यासाठी गर्दी नसलेल्या काळातील, प्रत्येक ऋतूतील मोजणी हाताशी असणे आवश्यक आहे. ती ऐनवेळी मिळत नाही.

ग्रामपंचायतींना व शाळांना प्रथिनांची मोजणी करणे शक्य नाही. परंतु एक काम त्यांच्यावाचून होणार नाही. या शिंपल्याची सूक्ष्म पिले काही काळ माशांच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटून वाढतात आणि मग तळाशी उतरतात. मासे गेले की शिंपल्यांची नवी पिढी थांबते, जुने मात्र काही वर्षे तसेच राहतात. म्हणून गावच्या डोहात शिंपले आहेत एवढे पाहून भागत नाही. बोटाच्या पेरापेक्षा लहान असलेलेही आहेत काय, हे पाहावे. उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर शिक्षकांनी विद्यार्थ्यांसह काठालगतच्या उथळ भागात लहान, मध्यम व मोठे जिवंत शिंपले आणि उघडी पडलेली रिकामी कवचे किती, याची नोंद तारखेसह करावी व जिवंत शिंपले जेथल्या तेथे पुन्हा ठेवावेत. अनेक कवचे एकाच वेळी, आतील मांसासह उघडलेली आढळली तर तो दिवस आणि जागा प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नाशिक येथील कार्यालयास त्वरित कळवावी. दोन दिवसांनी घेतलेल्या पाण्याच्या नमुन्यात कारण सापडेलच असे नाही. पिंजरे ठेवलेल्या गावांनी ते धरणातून पावसाळी विसर्ग सुरू होण्यापूर्वी काढून घ्यावेत. पुराच्या पाण्यात पिंजरा वाहून जातो आणि वाहून गेला नाही तरी गाळाने भरतो.